सासूबाईंचा खटला

संग्रहालयाच्या बाहुल्यांच्या दालनात एक सासूबाई राहायच्या आणि त्यांच्यापायी जतन विभागाच्या प्रमुखांना सगळे ‘जावईबापू’ म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण चिकटलं ते कायमचं. तिकीट खिडकीवरच्या बाई, पहारेकरी, खुद्द संचालक, सगळे तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की जावईबापू. त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. राग येणं दूरच, मनातल्या मनात त्यांना त्याची थोडी ऐटच वाटायची.

सासूबाई लाकडाच्या होत्या. समुद्रापलीकडच्या एका देशातल्या खेळवाल्या मंडळींच्या प्रहसनातली ही सासू, दोऱ्यांवर नाचणारी, हातभर उंच. एक भुवई वर चढलेली, ओठ मुरडलेले आणि चेहऱ्यावर असा भाव की समोर कितीही गुणी जावई आणून उभा करा, बाई ‘बघू’ एवढंच म्हणतील. काचपेटीत निजवलेल्या या बाईंपुढे जावईबापू रोज सकाळी हजेरी लावत. हवेतला ओलावा दाखवणारा काटा बघत, दिव्याचा उजेड डोळ्यांवर तर येत नाही ना ते तपासत, मग हातमोजे चढवून मऊ कुंचल्याने झग्याच्या चुण्यांमधली धूळ झटकत. पावसाळी दिवसांत सासूबाईंचा डावा गुडघा फुगायचा. तेव्हा जावईबापूंचं जेवणावरून लक्ष उडायचं.

घरी बायको म्हणायची, “माझ्या आईच्या गुडघ्यांची इतकी चौकशी केली असतीत, तर ती अजून काही वर्षं सहज काढती.” बोलणं खरं होतं. खऱ्या सासूबाईंशी त्यांचं कधी फारसं जमलं नव्हतं. त्या बोलायच्या फार.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी सासूबाईंच्या माहेरून नोटीस आली.

नोटिशीतली हकीकत थोडक्यात अशी होती. पुष्कळ वर्षांपूर्वी, दंग्याधोप्याच्या दिवसांत, ही खेळवाली मंडळी गाव सोडून निघाली असताना बंदरावर एका अधिकाऱ्याने त्यांच्या पेट्या अडकवून ठेवल्या. पुढे बाकीच्या पेट्या सुटल्या, सासूबाईंची तेवढी सुटली नाही. अधिकाऱ्याला बाहुली आवडली होती. त्याने ती आपल्या देशी आणली, दिवाणखान्यात टांगली, आणि त्याच्या माघारी मुलांनी ती संग्रहालयाला भेट देऊन टाकली. भेट देणाऱ्यांच्या नावाची पितळी पाटी अजून काचपेटीखाली चकाकत होती. मंडळींचं म्हणणं एवढंच होतं की आमची माणसं त्या दिवशी बंदरावर रडत उभी होती, ती काही भेट देत नव्हती. आमची सासू आम्हाला परत द्या.

संग्रहालयाचे वकीलसाहेब उंच, शिडशिडीत आणि सदा घाईत असत. ते साधं ‘हो’ म्हणतानासुद्धा त्याला दोन पोटकलमं जोडायचे. त्यांनी आधी म्हणून पाहिलं की वस्तू रीतसर भेट मिळालेली आहे. न्यायालयाने विचारलं, भेट देणाऱ्याची होती का ती? मग ते म्हणाले, दावा करायची मुदत कधीच उलटली. न्यायालयाला तेही रुचलं नाही. तेव्हा वकीलसाहेबांनी भात्यातला शेवटचा बाण काढला. बाहुली फार नाजूक आहे, म्हणाले, आणि हे आम्ही नाही, आमचे तज्ज्ञ सांगतात.

तज्ज्ञ म्हणजे अर्थातच जावईबापू. त्यांनी शपथेवर जे सांगितलं त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. लाकूड वाळलेलं आहे, रंग पोपडे धरतो आहे, सांधे झिजलेले आहेत. पेटीत नीट बसवून नेली तर प्रवास सोसेल, पण दोऱ्या बांधून नाचवली तर काय होईल ते सांगता येत नाही. त्यातूनच संग्रहालयाची अट तयार झाली. बाहुली खुशाल न्या, पण तिकडेही ती काचेतच राहील, दोऱ्या बांधायच्या नाहीत, खेळवायची तर मुळीच नाही. ही अट वकीलसाहेबांच्या डोक्यातून निघाली असं सगळे समजत. खरं तर ती जावईबापूंनीच सुचवली होती आणि मनापासून सुचवली होती. आपल्या माघारी सासूबाईंचं काय होईल या काळजीने त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

मंडळींनी उत्तर पाठवलं की काचेतच ठेवायची तर तुमच्या काचेत काय वाईट आहे. आम्हाला खेळ करायचा आहे. घोडं नेमकं तिथं अडलं. दोन्ही बाजू हटेनात, तेव्हा न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीकडे धाडलं आणि एक निवृत्त न्यायाधीशबाई नेमल्या. बैठक संग्रहालयातच ठेवली, म्हणजे जिच्यावरून भांडण ती बाई समोर असेल.

बैठकीच्या दिवशी जावईबापूंनी स्वतः सासूबाईंना काचपेटीतून काढून, गादी घातलेल्या ढकलगाडीवर निजवून सभेच्या खोलीत आणलं आणि लांबलचक टेबलाच्या एका टोकाला पांढऱ्या कापडावर ठेवलं. थोड्या वेळाने माहेरची माणसं आली. पुढे मंडळींची प्रमुख, चाळिशीतली, पाठ ताठ आणि ओठ घट्ट मिटलेले. तिच्या मागून तिची आत्या, हातात कापडी पिशवी घेऊन हळूहळू. मंडळींचे खेळ इकडच्या बंदरांतून पूर्वी बरेच होत, त्यामुळे दोघींनाही इथली भाषा येत होती. भाचीची स्वच्छ होती. आत्याबाईंची जरा ओबडधोबड होती, पण त्या ठासून बोलायच्या.

ज्या दिवशी पेट्या अडकल्या त्या दिवशी सासूबाईंना खेळवणारी मुलगी म्हणजे याच आत्याबाई. त्या टेबलापाशी गेल्या. बाहुलीकडे पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या. आता या रडतील, असं वाटून वकीलसाहेबांनी खिशातला रुमाल चाचपला. आत्याबाई म्हणाल्या, “वाळलीस गं.”

जावईबापूंना हे लागलं. इतकी वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलं आणि वर हे ऐकून घ्यायचं. पण माहेरच्या माणसांना आपली लेक नेहमीच वाळलेली दिसते, हे त्यांना घरच्या अनुभवावरून माहीत होतं.

न्यायाधीशबाई ठेंगण्या होत्या. चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला आणि बोलणं मऊ, पण त्यांनी बोलायला सुरुवात केली की खुर्च्यांची करकर थांबायची. त्यांनी आधी काय पणाला लागलं आहे ते सगळ्यांसमोर मांडलं. सासूबाईंची चाल, मान वेळावणं, फणकारा मारणं हे सगळं आत्याबाईंच्या बोटांत आहे आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. भाची ते शिकली ती एका नकली बाहुलीवर, सुताराने आत्याबाईंच्या आठवणीवरून केलेल्या. तिचं वजन चुकलं आहे. आत्याबाईंच्या मते ती बाहुली चालते, पण सासूसारखी नाही, सुनेसारखी. आणि आत्याबाईंची बोटं आता आखडत चालली आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की ती सुधारणार नाहीत. आज तडजोड झाली नाही तर प्रकरण परत न्यायालयात जाईल, मग तारखा, मग अपील. तोवर शिकवायला कोणी उरणार नाही.

“म्हणजे बाहुली मिळेल,” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “पण सासू मिळणार नाही.”

आत्याबाईंनी मान डोलावली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी डोळे मिटले.

या न्यायाधीशबाईंची काम करायची एक रीत होती आणि वकील मंडळींत ती बदनाम होती. पहिलं म्हणजे त्या वकिलांना बाहेर बसवत. आताही त्यांनी दोन्हीकडच्या वकिलांना उपाहारगृहाची वाट दाखवली. मंडळींचा वकील खुशीत गेला. वकीलसाहेब पोटकलमं पुटपुटत गेले. दुसरं म्हणजे त्या प्रत्येकाला समोरच्याची बाजू मांडायला लावत. आपली नव्हे, समोरच्याची, आणि तीही अशी की समोरच्याने म्हटलं पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. “तुम्ही आता या बाई आहात,” त्यांनी जावईबापूंना सांगितलं. “आणि बाई, तुम्ही संग्रहालय.”

जावईबापूंना हा पोरखेळ वाटला. पण शाळेत नाटकात घेतलं नाही म्हणून ते एकदा दोन दिवस जेवले नव्हते, त्यामुळे आतून कुठेतरी त्यांना गंमतही वाटली. ते खाकरले. म्हणाले की आम्ही खेळवाली माणसं. ही बाहुली आमची आहे. आम्हाला खेळ करायचा आहे. एवढं बोलून त्यांची गाडी अडली. न्यायाधीशबाईंनी नुसतंच बघत राहून त्यांना आणखी बोलायला लावलं.

जावईबापू उठून सासूबाईंपाशी गेले, कारण बाहुलीबद्दल काही बोलायचं तर त्यांना ती समोर लागायची. त्यांनी मोजे घातलेल्या बोटाने तिचा गुडघा दाखवला. ही बिजागरी बघा, म्हणाले. ज्या कारागिराने ही घडवली त्याने गुडघा पुढे वाकेल आणि मागे वाकणार नाही असा केला आहे. त्यासाठी लाकडात किती बारीक काम केलंय बघा. हे मनगट बघा. दोऱ्याने घासून घासून इथे खाच पडली आहे. हा जबडा उघडतो, इतकाच उघडतो, म्हणजे बोलताना दात दिसावेत पण घसा दिसू नये.

बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. पुढची वाक्यं नाटकातली नव्हती.

“मी या खाचेला वर्षानुवर्षं मेण लावतोय,” ते म्हणाले. “झिजली आहे म्हणून जपतोय. अहो, पण निजून राहणाऱ्या बाईला गुडघा कशाला लागतो? हिला ज्याने केलं त्याने चालायला केलं. मी हिचा सांधा न् सांधा ओळखतो आणि हिला उभी राहिलेली एकदाही पाहिली नाही.”

न्यायाधीशबाईंनी भाचीला विचारलं, तुम्हाला हेच म्हणायचं होतं का? भाची म्हणाली, मला इतकं चांगलं म्हणता आलं नसतं.

मग तिची पाळी आली. तिने सुरुवात झोकात केली. खेळवाली बाईच ती, दुसऱ्याचा आवाज लावणं तिच्या रक्तातच होतं. तिने चक्क वकीलसाहेबांसारखी मान तिरकी केली आणि म्हणाली की आम्ही संग्रहालय, उपरोक्त बाहुली आम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळली. जावईबापूंनासुद्धा हसू आवरेना. ती पुढे म्हणाली की या मंडळींचं काय खरं आहे. आज या गावी, उद्या त्या गावी. पेट्या ट्रकमध्ये, ट्रक पावसात. उंदीर, वाळवी, ओल. यांच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे का? यांच्याकडे धड छत आहे का?

“आणि खेळवणार कोण?” भाची म्हणाली. “ती म्हातारी आता खेळवू शकत नाही. मग उरली तिची भाची. तिचा हात अजून बसलेला नाही. गेल्या खेळात तिने राजाची मान मोडली. लोक हसले, त्यांना वाटलं खेळातच तसं आहे. इतक्या वर्षांनी ही सुखरूप राहिलेली बाहुली आणायची आणि तिच्या हातात द्यायची? माझ्या हातात?”

शेवटचे शब्द बोलताना ती वकीलसाहेब राहिली नव्हती, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. ती खाली बघत होती. जावईबापूंना एकदम कळलं की या ताठ पाठीच्या बाईलाही आपल्यासारखीच भीती आहे. कदाचित आपल्याहून मोठी असेल, कारण आपल्या हातून मोडायची वेळच कधी आलेली नाही. त्यांना तिच्याबद्दल फार माया वाटली.

आता खरं तर तडजोड व्हायला हवी होती. न्यायाधीशबाईंनी आजवर अशीच कितीतरी भांडणं मिटवली होती. समोरच्याच्या जागी जाऊन आलेला माणूस मऊ पडतो, दोन पावलं मागे येतो, समोरचाही येतो, मधे कुठेतरी दोघांची गाठ पडते, असा त्यांचा हिशेब. पण ही दोघं मधे थांबलीच नाहीत. थेट पलीकडे जाऊन बसली.

जावईबापू म्हणाले की बाहुली नेली पाहिजे, खेळवली पाहिजे, अट चुकीची आहे आणि ती घातली याची मला शरम वाटते. भाची म्हणाली की नको, अट अगदी योग्य आहे, किंबहुना न्यायचीच कशाला, इथेच ठेवा, इथे तुम्ही आहात. जावईबापू म्हणाले, मी काय जन्मभर पुरणार आहे? भाची म्हणाली, मग मी पुरणार आहे का? जावईबापूंनी टेबलावर हात आपटला. तो मोज्यातला असल्यामुळे आवाज काही झाला नाही. ते म्हणाले की तुमचा हक्क आहे हा, तो तुम्ही असा सोडू शकत नाही. भाची म्हणाली की माझा हक्क आहे ना, मग सोडायचा की ठेवायचा ते मी बघेन, तुम्ही कोण सांगणारे?

दाराला काच होती. त्या काचेला एव्हाना दोन्ही वकिलांची नाकं चिकटली होती. आपापले पक्षकार समोरच्याच्या बाजूने तावातावाने भांडताहेत हे पाहून वकीलसाहेबांच्या हातातली कॉफी कलंडली आणि बुटांवर सांडली. ते दार उघडून आत आले आणि म्हणाले की आमच्या अशिलांनी आता केलेली विधानं विचारात घेऊ नयेत. मंडळींचा वकीलही त्यांच्या मागून आला आणि म्हणाला की आमचंही अगदी तेच म्हणणं आहे. त्या खटल्यात दोन्ही वकिलांचं एकमत झालं ते तेवढंच.

न्यायाधीशबाईंना हसावं की रडावं ते कळेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतक्या वर्षांच्या नोकरीत, त्या म्हणाल्या, एक वस्तू दोघांना हवी म्हणून भांडणारे पुष्कळ पाहिले. दोघांनाही ती दुसऱ्यालाच द्यायची आहे, यावर कायद्यात काय उपाय आहे ते मला बघावं लागेल.

“झालं का तुमचं?” खिडकीजवळून आवाज आला.

आत्याबाई झोपल्या नव्हत्या. त्यांच्या मांडीवर पिशवीतून काढलेली एक लाकडी फळी होती, हातांनी घासून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यातून काळे दोरे लोंबत होते. एवढा वेळ डोळे मिटून त्या त्यांचाच गुंता सोडवत होत्या. त्या उठल्या, टेबलापाशी आल्या आणि सरळ जावईबापूंकडे पाहून म्हणाल्या, “जावईबापू, जरा धरा सासूबाईंना.”

हे नाव त्यांना दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं, हे नंतर कळलं. पण त्या क्षणी जावईबापूंच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत ही हाक त्यांना कुणी तोंडावर मारली नव्हती. आणि आता मारली होती ती प्रत्यक्ष सासूबाईंच्या घरच्या माणसाने.

वकीलसाहेब म्हणाले की दोऱ्या बांधायला आमची सक्त हरकत आहे. न्यायाधीशबाई म्हणाल्या की माझ्याकडे बघू नका, बाहुली अजून यांच्या ताब्यात आहे, नाही म्हणायचं तर यांनी म्हणावं. सगळे जावईबापूंकडे बघायला लागले. शपथेवर सांगितलेलं सगळं जावईबापूंना आठवलं. लाकूड वाळलेलं आहे, सांधे झिजले आहेत. ते सगळं अजूनही खरंच होतं.

त्यांनी हातमोजे काढून खिशात कोंबले, सासूबाईंच्या काखेत उघडे हात घातले आणि त्यांना उभं केलं.

आत्याबाईंनी दोरे बांधायला घेतले. बोटं आखडलेली, गाठी बारीक, त्यामुळे वेळ लागत होता. भाची मदतीला सरसावली तर त्यांनी तिला नजरेनेच बसवलं. दोन्ही मनगटं, गुडघे, खांदे, जबडा. शेवटी कानांमागे. मग फळी दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, “सोडा.” सोडणं जावईबापूंना फार जड गेलं. पण त्यांनी हात काढून घेतले.

सासूबाई पडल्या नाहीत. त्या टेबलावर डोकं खाली घालून उभ्या होत्या. मग हळूच त्यांची मान वर झाली. त्यांनी खोली पाहिली. छत पाहिलं, ते काही पसंत पडलं नसावं. वकीलसाहेबांच्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि जबडा अगदी थोडा उघडून मिटला. न्यायाधीशबाई फस्सकन हसल्या. सासूबाईंनी एक हात कमरेवर ठेवला, डावा पाय जरा ओढत चार पावलं टाकली, आणि जावईबापूंसमोर येऊन थांबल्या. त्यांना खालून वर पाहिलं. वरून खाली पाहिलं. मग असा काही फणकारा मारून तोंड फिरवलं की मंडळींचा वकील टाळ्या वाजवायला लागला आणि कुणी त्याला अडवलं नाही.

जावईबापू हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भुवईचा तो बाक, ओठांची ती मुरड, रोज सकाळी पाहिलेलं सगळं तेच होतं, पण आज त्यात कुणीतरी राहायला आलं होतं. आपण इतकी वर्षं एका झोपलेल्या बाईची सेवा केली, असं त्यांना वाटलं. वाईट नाही वाटलं. ती जागी झाली याचा आनंदच इतका झाला की वाईट वाटायला जागा उरली नाही.

तेवढ्यात फळी थरथरली. आत्याबाईंच्या बोटांत गोळा आला होता. त्यांचा चेहरा पिळवटला, पण त्यांनी फळी खाली ठेवली नाही. “पोरी, इकडे ये,” त्या म्हणाल्या. भाची जागची हलेना. “मला फार वेळ धरवणार नाही. ये.”

भाची आली. आत्याबाईंनी फळी तिच्या हातात दिली आणि आपले वाकडे हात तिच्या हातांवर ठेवले. सासूबाईंची मान एका बाजूला कलली, मग सावरली. जड आहे, भाची पुटपुटली. आत्याबाई म्हणाल्या की सासू जडच असते, तिला उचलू नकोस, तिला टेकू दे. एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसरं पाऊल थेट सासूचं होतं, पाय ओढत, ठसक्यात. आत्याबाईंनी हळूच आपले हात काढून घेतले.

चौथ्या पावलाला डावा गुडघा उशिरा वळला. सासूबाई भेलकांडल्या आणि टेबलावरच्या पाण्याच्या जड काचेच्या जगावर जाऊन आपटल्या. टक्क असा आवाज झाला. गुडघ्यावरच्या निळ्या रंगाचा नखाएवढा पोपडा उडाला आणि पांढऱ्या कापडावर पडला.

भाचीचे हात हवेतच थिजले होते आणि चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. वकीलसाहेबांनी वही काढली. नुकसानीची नोंद घ्यावी लागेल, ते म्हणाले, आणि हे नेमकं अट का घातली होती त्याचं उदाहरण आहे.

जावईबापू वाकले. त्यांनी पोपड्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. त्या गुडघ्यावर एक फिकट डाग उघडा पडला होता. भाची डोळे मिटून उभी होती. आता हे काय बोलतात याची ती वाट पाहत होती.

“वकीलसाहेब, ती अट खोडा,” जावईबापू म्हणाले.

मग त्यांनी तो जड जग उचलला आणि दूर खिडकीत नेऊन ठेवला. पेले उचलले, कागद गोळा केले, न्यायाधीशबाईंची पर्ससुद्धा उचलून त्यांच्या मांडीवर दिली. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं झालं.

“डावा गुडघा जरा अडतो त्यांचा,” ते भाचीला म्हणाले. “अर्धा क्षण आधी खेचायचा. आता जागा झाली आहे भरपूर. चालवा परत.”